सुभेदारांचा ट्रॅक्टर आणि देवघरातला राऊटर

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. घरातल्या एखाद्याला ‘नेटमधलं कळतं’ अशी बातमी नातेवाइकांत पसरली, की ते आपोआप त्याच्याकडे यायला लागतात. आधी फोनवर, मग प्रत्यक्ष, आणि पुढे पुढे तर जेवणाच्या ताटावर. मी सांगलीला इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. केले. त्या अभ्यासक्रमात राऊटरचा संबंध एका पेपरपुरता आला आणि गेमिंगचा अजिबातच आला नाही, हे मी मामांना अनेकदा नम्रपणे सांगितले आहे. त्यावर मामांचे उत्तर ठरलेले असते.

"मग सांगलीत शिकलास काय रं?"

मामा म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. औंधजवळच्या आमच्या आजोळी त्यांचा थोडा ऊस आणि बाकी ज्वारी असते. सगळे गाव त्यांना ‘आबा’ म्हणते. त्यांचा एकुलता मुलगा प्रशांत. त्याने एक तर फौजेत जावे, नाही तर शेती करावी, असे मामांचे म्हणणे होते. प्रशांत या दोन्हींपैकी काहीही न करता नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि तेव्हापासून बापलेकांचे बोलणे बंद झाले. त्याचा फोन आला की मामी घेत. मामांना त्याच क्षणी अंगणात काहीतरी काम निघे.

मध्यंतरी प्रशांत चुलतबहिणीच्या लग्नाला आला, तेव्हा त्याने आपला जुना गेमिंग कन्सोल घरातल्या टीव्हीला जोडून ठेवला. त्यात शेतीचा एक खेळ होता. नांगरट, पेरणी, काढणी, सगळे ट्रॅक्टरवर. आणि नेटवरून दोघांना दोन देशांत बसून एकच शेत करता येते. प्रशांत परत गेल्यावर एका रविवारी मामी टीव्हीसमोर कन्सोलचा रिमोट हातात धरून गोंधळून बसल्या होत्या. मामा आत आले. पडद्यावर एक ट्रॅक्टर बांधावर आडवा उभा होता.

"असा आडवा ट्रॅक्टर कुणी लावलाय?"

"प्रशांतनं," मामी म्हणाल्या.

मामांनी रिमोट घेतला. केवळ ट्रॅक्टर सरळ करण्यासाठी, असे ते आजही सांगतात! तेवढ्यात टीव्हीतून प्रशांतचा आवाज आला, "आई, डावीकडं घे." मामांनी ट्रॅक्टर डावीकडे घेतला. थोड्या वेळाने मामा म्हणाले, "सरी वाकडी चाललीया तुझी." पलीकडून उत्तर आले, "सरळ करतो, आबा."

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी हे दोघे एकत्र शेती करू लागले. बोलणे फक्त शेतीचे आणि तेही फक्त त्या खेळात. मामी उंबऱ्याजवळ गवार निवडत बसायच्या आणि ते ऐकायच्या. अडचण एकच होती: जोडणी मध्येच तुटायची. ती तुटली की मामा म्हणत, "कापलं बघ पोरानं." आणि त्याच वेळी जर्मनीतून मला मेसेज येई, "आबा चिडून उठले का रे?"

मामींनी मला सांगलीहून विट्यामार्गे बोलावून घेतले. "ओंकार, ते नीट कर बाबा. न्हाईतर हे दोघं परत गप व्हतील."

*

कन्सोलमध्ये जोडणी तपासण्याची सोय असते. तीत ‘नॅट’ नावाची एक गोष्ट दिसते. घराबाहेरून येणाऱ्या जोडण्यांना राऊटर किती मोकळीक देतो, हे ती तीन श्रेणींत सांगते: खुला, मध्यम आणि कडक. आमचा निघाला कडक. म्हणजे, माझ्या समजुतीप्रमाणे, प्रशांतच्या कन्सोलला आमचा कन्सोल थेट गाठता येत नव्हता.

मामांना मात्र निकाल ऐकून समाधान वाटले. "कडक हाय न्हवं? मग झालं की! गेट कडकच पायजे."

"मामा, खेळासाठी तो खुला असलेला बरा."

"खुला? कोण बी आत शिरंल!"

मी त्यांना पोर्ट फॉरवर्डिंग समजावून सांगितले. सगळी दारे उघडायची नाहीत. ठरावीक दारावर, ठरावीक कामासाठी आलेल्यालाच कन्सोलपर्यंत सोडायचे.

"म्हंजे पास तपासून."

"साधारणतः तसेच म्हणता येईल."

"आन् पास तपासनार कोण?"

"राऊटर."

मामांनी देवघराकडे पाहिले. आमचा राऊटर देवघरातल्या फळीवर असतो, कारण घरातली ती एकच जागा अशी आहे की जिथल्या वस्तूला कुणी धक्का लावत नाही. धूळ बसू नये म्हणून मामींनी त्यावर स्वतः विणलेला जाळीदार रुमाल घातला होता.

"ह्यो तपासनार? पहाऱ्यावरच्या संत्रीचं डोळं तर बांधून ठेवल्यात तुमी!"

मामींनी घाईघाईने रुमाल काढला. मी मामांची समजूत काढण्याच्या दृष्टीने चाचणी पुन्हा चालवली. नॅट मध्यम!

मी तोपर्यंत राऊटरचे एकही सेटिंग बदललेले नव्हते. कापसाच्या दोऱ्याच्या रुमालाने नॅटची श्रेणी बदलत नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण त्या दिवशी माझी शपथ ऐकायला कुणी तयार नव्हते.

*

प्रयोगशाळेत आम्हाला एक नियम शिकवला होता: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. हा नियम लिहिणाऱ्याच्या घरी मामी नसाव्यात.

त्या वर्षी खंडेनवमी रविवारी आली. घरातली सगळी हत्यारे पूजेला बसली. विळे, खुरपी, पाना, मामांची जुनी काठी. मी सांगलीत होतो. संध्याकाळी प्रशांतचा फोन आला. आवाज रडवेला नव्हता, पण रडण्यापासून फारसा लांबही नव्हता.

"ओंकार, आबा आलेच नाहीत. जोडणीच दिसेना. मागच्या रविवारी मी त्यांचं न ऐकता बटाटा लावला. त्याचा राग आला असंल का?"

मी मामांना फोन लावला. "मामा, राऊटर बंद आहे का?"

"बंद न्हाई. पूजंला बसवलाय."

"वायर काढून?"

"वायर ठेवून पूजा करत्यात व्हय? ओल्या फडक्यानं पुसलाय, गंध लावलंय."

"पण मामा, आज रविवार. प्रशांत वाट पाहतोय."

मामांचा आवाज किंचित खाली आला. "ठाऊक हाय. पर पूजंतलं हत्यार उचलत न्हाईत. उद्या दसऱ्याला उचलायचं. त्याला सांग तसं."

हे शब्दांत सांगण्यापेक्षा पुरावा द्यावा, म्हणून मी मामींकडून फोटो मागवला आणि जसाच्या तसा जर्मनीला पाठवला. फोटोत राऊटर पाटावर होता, त्याला गंध होते, झेंडूचा हार होता, पुढे उदबत्ती होती.

प्रशांतचे उत्तर लगेच आले. "अरेरे! गेला का राऊटर?"

*

त्यानंतर मी शास्त्रशुद्ध मार्गाने जायचे ठरवले. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर, कोणते उपकरण किती नेट ओढते, हे दिसते. मामांच्या घरात टीव्ही, कन्सोल आणि दोन मोबाईल. पण यादीत पाचवे एक उपकरण होते आणि ते दिवसभर बाहेर काहीतरी पाठवत होते. त्यामुळे खेळाला बाहेर जायला वाटच उरत नव्हती.

तपास केला. भिंतीला भिंत लागून शिवाकाकांचे घर आहे. शिवाकाका मामांचे चुलतभाऊ. त्यांची म्हैस गाभण होती आणि दिवस भरत आले होते. चौकातल्या टपरीवर बसून तिच्याकडे लक्ष ठेवता यावे, म्हणून त्यांनी गोठ्यात कॅमेरा बसवला होता, नेट आमचे!

"पासवर्ड कुणी दिला?" मी विचारले.

"वैनीनं. भावकीत पासवर्ड लपवत्यात व्हय रं?"

मी सुचवले की राऊटरमध्येच कन्सोलला प्राधान्य देता येते. मामा आणि शिवाकाका दोघांनीही ते मोडीत काढले. यंत्रावर विश्वास ठेवण्यापेक्षा माणसात बसून ठरलेले बरे, असे त्यांचे मत पडले. दोघांची विहीर सामाईक आहे आणि तिच्या पाण्याच्या बाऱ्या लावलेल्या आहेत. तशाच नेटच्या बाऱ्या लावायच्या!

वाटाघाटी पाहण्यासारख्या झाल्या.

"रविवारी सांजच्याला नेट माझं," मामा म्हणाले. "तुझा क्यामेरा बंद."

"मग बुधवारी पहिलं पाणी माझं."

"म्हशीच्या फोटूसाठी पाणी मागतुस?"

"आवं दादा, तुमी तरी टीव्हीतल्या उसासाठी नेट मागताय. माझी म्हस खरी हाय!"

ठरले. रविवारी बारी लागली, कॅमेरा बंद झाला आणि खेळ अप्रतिम चालला. मामा आणि प्रशांत यांनी एक आख्खे रान नांगरून काढले. इतक्यात शिवाकाकू धावत आल्या. "आवं, म्हस व्याली की! ह्यांना कुणीतरी बोलवा!"

मी टपरीवर पळालो. शिवाकाका मोबाईल सगळ्यांना दाखवत शांतपणे चहा पीत होते. कॅमेरा बंद झाल्यावर पडद्यावर शेवटचे चित्र तसेच थांबून राहते, हे त्यांना सांगायचे माझ्याकडून राहिले होते.

"घाई न्हाई," ते मला म्हणाले. "बघ की. कवाधरनं जशीच्या तशी उभी हाय. लय गुणाची म्हस, शेपूट सुदीक हलवत न्हाई!"

मोबाईलमध्ये म्हैस उभी होती. गोठ्यात रेडकू उभे राहिले होते.

*

तरीही आठवड्या-दोन आठवड्यांनी जोडणी तुटेच. मग मी गावातल्या नेटवाल्या दीपकला गाठले. अनेक ठिकाणी पुरवठादार बऱ्याच घरांना मिळून बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता वापरतात. तसे असेल, तर मी आमच्या राऊटरमध्ये कितीही दारे उघडली तरी उपयोग नसतो. मी हे सविस्तर मांडले आणि आम्हाला स्वतंत्र पत्ता, म्हणजे पब्लिक आयपी, मिळेल का, असे विचारले.

दीपकने डोके खाजवले. "सर, आख्खी आळी एकाच नंबरावर चालतीया. कुणाची तक्रार न्हाई. तुमालाच येगळं कशाला? भावकीत काय वाद झालाय का?"

"वाद नाही. खेळायचे आहे."

"कोन खेळतंय?"

"सुभेदार."

दीपक उभाच राहिला. लहानपणी मामांनी त्याला पहाटे मैदानावर पळवले होते, ही गोष्ट मला नंतर कळली. दुसऱ्या दिवशी स्वतंत्र पत्ता मिळाला. वर त्याने मामांना अंगणात येऊन कडक सलाम ठोकला आणि म्हणाला, "आबा, काय बी खेळा. पर मला टीममधी घेऊ नगा!"

*

आता फक्त वायफाय उरले होते. देवघर आणि टीव्हीची खोली यांच्या मध्ये जाड दगडी भिंत आहे, तेव्हा केबल टाकणे उत्तम, असा निष्कर्ष मी काढला. सांगलीहून लांब केबल आणली. ती देवघराच्या खिडकीतून बाहेर काढली, मागच्या पडवीतून ताणून नेली आणि टीव्हीच्या खोलीत आणली. चाचणीचे आकडे एकदम सुधारले. मी समाधानाने अंघोळीला गेलो.

परत येऊन पाहतो, तर केबलवर ओली वाकळ, मामींची जाडजूड गोधडी! तिच्या शेजारी दोन टॉवेल.

"मामी!"

"तार मोकळीच व्हती की."

"ती नेटची तार आहे! ओझ्याने तुटेल."

मी वाकळ उतरवली. चाचणी केली. जोडणी नाही. केबल तपासली, दोन्ही टोके तपासली, राऊटर बंद करून चालू केला. जोडणी नाही. मामी हे सगळे शांतपणे पाहत होत्या.

"घालू का परत?"

त्यांनी वाकळ घातली. जोडणी आली. टॉवेल काढले, तरी जोडणी राहिली. वाकळ काढली, गेली!

केबलच्या टोकाचा खटका सैल असावा आणि ओझ्याच्या ताणामुळे तो जागेवर बसत असावा, असे मला वाटले. मी साताऱ्याला जाऊन नवे टोक बसवून आणले. जुन्या अनुभवामुळे सावधपणे चाचणी केली. वाकळीशिवाय जोडणी नाही. ती का नाही, याचे उत्तर माझ्याकडे आजही नाही. आमच्या कॉलेजातल्या विभागप्रमुखांना मी हा प्रश्न काल्पनिक म्हणून विचारून पाहिला. त्यांनी बराच विचार केला आणि "वाकळ ओली होती की कोरडी?" असे विचारले.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी मामी मागच्या पडवीत वाकळ वाळत घालतात. पावसाळ्यातसुद्धा! शेजारणींनी विचारले, तर म्हणतात, "लेकाशी बोलायचं हाय."

*

एवढे झाल्यावर जो प्रसंग घडला, त्याला मी किस्सा म्हणावे की नाही, याबद्दल मला शंका आहे.

मामा आणि प्रशांत खेळात ज्वारी काढत होते. एकाचे यंत्र पुढे, दुसऱ्याचा ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर शेजारून. मग मामा यंत्रावरची नजर न काढता म्हणाले, "तुझी आई म्हनत व्हती, की..."

आणि वीज गेली. आख्ख्या गावाची! राऊटर, केबल, वाकळ, कुणाचाही दोष नव्हता.

वीज आली तेव्हा प्रशांत कामावरच्या कुणाच्या तरी फोनला अडकला होता. मामा उठून गोठ्याकडे गेले. त्या आठवड्यात प्रशांतने मला रोज विचारले, "आई काय म्हणत होती रे?"

मी मामींना विचारले.

मामींनी भाकरी थापता थापता हात थांबवला. "मी? मी काय बी म्हनत नव्हते."

"पण मामा तर म्हणाले..."

"आरं, मी काय बी म्हनत नव्हते," त्या पुन्हा म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली. भाकरी थोडी करपली. त्यांच्या हातून असे सहसा होत नाही.

मी प्रशांतला जसेच्या तसे कळवले. त्यानंतर त्याने पुन्हा विचारले नाही.

*

पुढच्या रविवारी मी मुद्दाम थांबलो. मामांनी सकाळीच मला बजावले होते, "आज तुटता कामा नये." का, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

मी प्रत्येक गोष्ट पुन्हा तपासली. नॅट खुला होता; मामांनी स्वतःहून परवानगी दिली होती. स्वतंत्र पत्ता चालू होता. शिवाकाकांचा कॅमेरा बंद होता. दीपककडून इन्व्हर्टर आणून राऊटर, टीव्ही आणि कन्सोल त्यावर घेतले होते. वाकळ जागेवर होती. चाचणीत हरवलेली पॅकेट्स, म्हणजे वाटेत गळालेले आवाजाचे आणि चित्राचे तुकडे, शून्य दाखवत होती. इतकी निर्दोष जोडणी मी प्रयोगशाळेतही पाहिलेली नाही.

खेळ सुरू झाला. उन्हे उतरत होती. मामांनी सरी काढली, प्रशांतने ऊस लावला. दोघांचे ट्रॅक्टर रानाच्या टोकाला शेजारी शेजारी आले आणि मामांनी आपला थांबवला. प्रशांतनेही थांबवला.

"प्रशांत," मामा म्हणाले. माझ्या आठवणीप्रमाणे, खेळात त्यांनी त्याला नावाने हाक मारली ती पहिल्यांदाच. "यात्रंला घरी ये."

मामी गवारीची शेंग हातात धरून बसल्या होत्या.

मग प्रशांत म्हणाला, "आबा, आवाज तुटला. काय म्हणालात?"

मी दचकलो. लगेच मोबाईलवर राऊटरचे पान उघडले. हरवलेली पॅकेट्स: शून्य. विलंब: नेहमीपेक्षा कमी.

मामांनी घसा साफ केला. "यात्रंला घरी ये, म्हनतोय."

"तुटतंय आबा. ऐकू येईना."

"मामा, जोडणी व्यवस्थित आहे," मी म्हणालो. "मी राऊटर एकदा बंद करून..."

मी उठायला गेलो, तर मामींनी माझ्या शर्टाची बाही घट्ट धरली. "बस खाली," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे टीव्हीवर होते. मी बसलो. पान पुन्हा ताजे करून पाहिले. शून्य.

मामा सोफ्यावरून उठून उभे राहिले. परेड मैदानाच्या पार टोकाला असलेल्या तुकडीला द्यावा, तसा आवाज त्यांनी दिला.

"घरी ये म्हनतोय मी! घरी!"

देवघरातली घंटी किणकिणली, असा मला भास झाला. भिंतीपलीकडे रेडकू रेकले. पाठोपाठ शिवाकाकांचा आवाज आला.

"आवं दादा! येशीपातूर ऐकू गेलं! त्या पोराला कसं जाईना?"

टीव्हीतून प्रशांत लगेच म्हणाला, "शिवाकाकांना गप बसवा आधी. आबा, तुमी बोला. आवाज तुटतोय. परत एकदा सांगा."